मागून उघडणारा प्रबंध

संपादकांचं कार्ड आलं, "आपल्या व्यवसायातले अनुभव स्वहस्ताक्षरात लिहून पाठवावेत." स्वहस्ताक्षरात! अहो, माझं अक्षर मलाच लागत नाही. म्हणून हे सगळं टाईप करून पाठवतेय. वरची कॉपी तुम्हाला, कार्बन मला. मी बोलते त्या स्पीडने टाईप करते, आणि बोलते किती ते उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये कुणालाही विचारा.

मी मंगल. घर बदलापूरच्या पुढे, गावात. वडील भातशेतीवाले. बारावी झाल्या झाल्या कॅम्प तीनमधल्या एका टायपिंग क्लासात चिकटले, आधी शिकायला आणि मग शिकवायला. आणि क्लास सुटला की त्याच मशीनवर जॉबवर्क करायला. आमची आई अजून गावात सांगते, "आमची मंगल कॅम्पान पेटी वाजवते." एकदा भजनी मंडळाचे लोक मला बोलवायला आले होते, खरंच.

जॉबवर्क म्हणजे अर्ज, कोर्टाची कागदं, लग्नाचे बायोडाटा. पण मानाचं काम म्हणजे थिसिस. एम.ए., एम.एड., एम.कॉम., सगळ्यांचे प्रबंध. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कुणी मराठीत प्रबंध लिहिला असेल तर तो माझ्या बोटांखालून गेलेला असण्याची दाट शक्यता आहे. मी विद्वान झाले नाही, कारण टाईप करताना अर्थ लागला की स्पीड कमी होतो. पण प्रबंध लिहिणारी माणसं मात्र मला पाठ झाली.

आधी काम काय असतं ते सांगते. प्रबंधाच्या पाच कॉप्या लागतात. म्हणजे एक कागद, एक कार्बन, एक कागद, एक कार्बन, असं सँडविच करून मशीनमध्ये सारायचं आणि टाईपरायटरची की अशी हाणायची की पाचव्या कागदापर्यंत पोचली पाहिजे. पहिली कॉपी काळीभोर, ती युनिव्हर्सिटीला. दुसरी गाईडला. मग कॉलेजची लायब्ररी, मग परीक्षक. पाचवी विद्यार्थ्याची स्वतःची. ती इतकी पुसट असते की स्वतःचा प्रबंध स्वतःला वाचता येत नाही. पण तशी गरजही कुणाला पडत नाही. एक अक्षर चुकलं की पाच ठिकाणी ब्लेडने खरवडायचं. आणि "ताई, इथे मध्ये फक्त एक पॅरा घालायचाय हो," असं कुणी म्हणालं की मी आधी त्याच्याकडे बघते, मग ब्लेडकडे बघते. पॅरा घातला तर पुढची सगळी पानं सरकतात. म्हणून माझ्या प्रबंधांमध्ये ४७-अ, ४७-ब अशी पानं असतात. एकात तर ४७-ज्ञ पर्यंत गेलो होतो.

आता माणसं.

अंबरनाथचे एक सर होते, मी त्यांना वेळापत्रकवाले सर म्हणायचे. पहिल्यांदा आले तेच ड्रॉइंग पेपरची गुंडाळी घेऊन. टेबलावर पसरली तर काय, स्केचपेनने रंगवलेलं वेळापत्रक! जून, विषयाची निवड, हिरवा. जुलै-ऑगस्ट, वाचन, निळा. दिवाळीत माहिती गोळा करायची, केशरी. जानेवारी लेखन, फेब्रुवारी टायपिंग, आणि तिथे माझं नाव पण लिहिलेलं, लाल रंगात. मी एकदम खूश. म्हटलं, हा माणूस वेळेवर देणार.

दिवाळीनंतर आले. हातात पुन्हा गुंडाळी.

"प्रकरण आणलंत सर?"

"नाही, वेळापत्रक बदलावं लागलं. निळा रंग केशरीत घुसला. हे जरा टाईप करून द्या, गाईडना दाखवायचंय."

मी सुधारित वेळापत्रक टाईप केलं. मग सुधारित-दोन. मग "वेळापत्रकाच्या अंमलबजावणीतील अडचणी" अशी एक टिपणी, ती चांगली जाड झाली होती. त्यांचा प्रबंध काही झाला नाही, पण वेळापत्रक मात्र प्रत्येक वेळी वेळेवर यायचं.

दुसरे एक होते, ते सगळ्यात आधी ऋणनिर्देश घेऊन आले. पहिलं प्रकरणसुद्धा नाही, थेट ऋणनिर्देश! आई-वडील, गाईड, ग्रंथपाल, आणि शेवटी "जिच्या प्रेरणेविना हे शक्य नव्हते ती कु. अमुक." मी टाईप करून दिलं. मग एका वर्षाने आले, तोच कागद, फक्त "कु."चं "सौ." करायचं होतं, आडनाव पण बदललं होतं. त्याच्या पुढल्या वर्षी परत आले. आता "आणि ज्याच्या बाललीलांनी लेखनाचा शीण हलका केला तो चि. अमोल" घालायचं होतं.

"कुठल्या लेखनाचा शीण, सर?" मी विचारलंच.

"ताई, तुम्हाला भावना नाहीत," ते म्हणाले.

तेव्हापासून मी नियमच केला. ऋणनिर्देश सगळ्यात शेवटी. आधी काम दाखवा, मग आभार माना.

आणि तिसरी गंमत म्हणजे पहिलं प्रकरण. विषय काहीही असो, एम.एड.च्या प्रत्येक प्रबंधात पहिलं प्रकरण एकच असतं, "शिक्षण म्हणजे काय?" शिक्षण ही आयुष्यभर चालणारी प्रक्रिया आहे, शिक्षण म्हणजे सर्वांगीण विकास आहे, शिक्षण हे दुहेरी आहे, तिहेरी आहे. मी हे इतक्यांदा टाईप केलंय की मशीनवर बोटं ठेवून शेजारणीशी गप्पा मारत असले तरी शिक्षण आपोआप पुढे सरकतं. हे सगळं का? तर गाईड वाचतात ते पहिलं प्रकरण. परीक्षक वाचतात तेही पहिलंच. म्हणून सगळ्यांचा जीव पहिल्या दहा पानांत अडकलेला. पुढे तुम्ही भाताची रोपं कशी लावायची ते लिहा, कुणाला कळणार नाही.

या सगळ्यांत एक आल्या सुनंदा मॅडम.

विठ्ठलवाडीला चाळीत राहायच्या. कॅम्प तीनमधल्या एका मराठी शाळेत शिक्षिका. बोलणं हळू, पण मान कधी खाली घालायच्या नाहीत. त्यांच्या वर्गातल्या मुली चौथी-पाचवीनंतर पटापट गायब व्हायच्या. कुठे जायच्या ते इथे कुणाला सांगायला नको. गल्लोगल्ली जीन्सचे कारखाने, शिवून झालेल्या पॅन्टींचे लोंबणारे धागे कापायला अशा पोरी बसवलेल्या असतात, हातात छोटी कातरी. मॅडम शाळा सुटली की त्या गल्ल्यांतून फिरायच्या, आणि जिथे आपली मुलगी दिसेल तिथे तिच्या बाजूला बसून, धागे कापता कापता, तिच्याशी बोलायच्या. त्यांचा प्रबंध हाच होता. त्या मुलींचं आणि त्यांच्या आयांचं बोलणं त्यांनी शब्दाला शब्द उतरवून घेतलेलं. ते सगळं शेवटी, परिशिष्टात.

आणि गंमत बघा, मी पहिल्यांदा टाईप करताना अर्थ लागून थांबले, ते या परिशिष्टाला.

पण गाईड! गाईड सर बदलापूरचे. अतिशय सज्जन. तेवढाच प्रॉब्लेम होता. प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे, दहाव्या पानाला चहा यायचा, आणि चहानंतर म्हणायचे, "बैठक पक्की पाहिजे. शिक्षण म्हणजे काय, हे अजून नीट उतरत नाहीये." की परत दहा पानं, परत पाच कॉप्या, परत ब्लेड. असं करत करत एक मुदत गेली, मग वाढवून घेतलेली दुसरी मुदत पण जायला आली. पुढे वाढ नाही, असं युनिव्हर्सिटीने स्पष्ट सांगितलं. ही चुकली तर नाव रद्द, सगळं पहिल्यापासून. शाळेची रजा तर त्यांनी कधीच संपवली होती.

त्यात चाळीतल्या जयंती मंडळाने घोळ घातलेला. मॅडम चाळीतल्या पहिल्या एम.एड. होणार म्हणून मंडळाच्या पोरांनी उत्साहात आदल्या वर्षीच सत्काराचा बोर्ड रंगवून घेतला होता, "सौ. सुनंदाताई एम.एड. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." झाल्या नाहीत, म्हणून बोर्ड मंडळाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा. नळावर गेल्या की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय ताई, बोर्ड कधी लावायचा? का रंग उडाल्यावर?"

मॅडम मला सांगायच्या, "मंगल, नापास झाले असते तरी चाललं असतं गं. पण हा बोर्ड पाठीमागून बघतोय असं वाटतं."

मग आम्ही दोघींनी ठरवलं. पहिलं प्रकरण बंद. मी सरांना सांगून आले, "सर, आता त्या पानांचं कार्बन संपलं." त्यांना ते पटलं. कार्बन संपणं ही गोष्ट प्रोफेसर लोकांना समजते. सह्या केल्या, पण जाता जाता म्हणाले, "ते परिशिष्ट मात्र काढून टाका. उगाच जाडी वाढते. परिशिष्ट कोण वाचतं?"

मॅडम म्हणाल्या, "कुणी वाचत नाही, तर मग असू दे ना सर. कुणाला त्रास होणार नाही."

मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली.

आता राहिलं बाइंडिंग. आमच्याकडे प्रबंध बांधायचे हासाराम काका, कॅम्प दोनमध्ये. खरं काम त्यांचं व्यापाऱ्यांच्या लाल चोपड्या बांधायचं. थिसिसचं काम त्यांचा मुलगा प्रकाश बघायचा. पण प्रकाश ऐन वेळेला सासरच्या लग्नाला इंदूरला गेलेला. मी आणि मॅडम पाची कॉप्यांचे गठ्ठे घेऊन दुकानात उभ्या. मॅडमचा चेहरा पांढराफटक.

काकांनी चष्मा वर सारला. "किसका रोना है?"

मी सांगितलं. बोर्डाचं पण सांगितलं, मला कुठे थांबायचं कळत नाही.

"प्रकाश नहीं तो क्या हुआ? प्रकाश को किसने सिखाया? मैं सिंध में बाप के साथ किताब बाँधता था, साईं. धरमशाला की, पाठशाला की, सबकी. कल शाम को ले जाओ."

"काका, काला रेक्झिन. और नाम सोने के अक्षर में."

"मालूम है. वो बाजूवाला छापेगा, मैं निशान कर दूँगा."

शिवण काकांनी अशी घातली की काय सांगू, प्रबंध आहे की लोखंडी पेटी. समासात, डावीकडे, एकदम बरोबर. काळं रेक्झिन चढवलं. मग बाजूच्या सोनेरी छपाईवाल्याला कळावं की नाव कुठल्या बाजूला छापायचं, म्हणून पुठ्ठ्यावर खडूची एक फुली मारली. पाची कॉप्यांवर. छपाईवाल्याने फुली पुसली आणि तिथे नाव छापलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो. काका पेढे घेऊन बसलेले. मॅडमनी पहिली कॉपी हातात घेतली, सोन्याची अक्षरं बघून डोळ्यांत पाणी. पुठ्ठा उघडला.

कोरं पान.

उलटलं. परिशिष्टाचं शेवटचं पान.

"मंगल," मॅडम म्हणाल्या, "सुरुवात कुठाय?"

मी पुस्तक फिरवून बघितलं. सुरुवात होती, पण मागच्या बाजूला. नाव मागच्या पुठ्ठ्यावर! पाची कॉप्यांवर! मला आधी कळेचना, आणि मग एकदम कळलं. काकांनी आयुष्यभर बांधलेली सिंधी पुस्तकं. सिंधी ते लोक अरबी लिपीत लिहितात, उजवीकडून डावीकडे. त्यांचं पुस्तक उघडतंच उजव्या हाताकडून. काकांच्या हाताला पुस्तकाचं तोंड तिकडेच असतं. त्यांनी फुली मारली ती तोंडावरच मारली, फक्त त्यांच्या तोंडावर.

"काका! ये तो उलटा हो गया!"

काका बघतच राहिले. एकदा पुस्तकाकडे, एकदा आमच्याकडे. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "दो दिन दे, बेटी. सब खोल के फिर से करता हूँ."

दोन दिवस नव्हतेच. उद्या शेवटचा दिवस. रेक्झिनवरचं सोनं ब्लेडने खरवडता येत नाही, मी विचारलं सुद्धा. मॅडम स्टुलावर बसल्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, यावरून ओळखा.

मग मॅडम उठल्या, पाची कॉप्या पिशवीत भरल्या आणि म्हणाल्या, "काका, पेढा द्या."

दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीच्या काउंटरवर मी पण गेले. क्लार्कने कॉपी उघडली. "हे काय? उर्दूत आहे का?"

"मराठीत आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग मागून का उघडतंय?"

"तसं बांधलंय."

"चालणार नाही."

आता मी पुढे झाले. म्हटलं, "साहेब, नियमात कुठे लिहिलंय?"

सरकारी माणसाला हे वाक्य म्हणून बघा कधी. तो रागावला नाही, उलट कामाला लागला. नियमांचं पुस्तक काढलं, बोट ठेवून वाचत गेला. रंग काळा, आहे. नाव सोनेरी अक्षरात, आहे. प्रती पाच, आहेत. समास, आहे. मार्गदर्शकाची सही, आहे. मग त्याने बाजूच्याला विचारलं, "अहो, कुठल्या बाजूने उघडावं याबद्दल आपलं काही सर्क्युलर आहे का?" बाजूच्याने त्याच्या बाजूच्याला विचारलं. सर्क्युलर नव्हतं. एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीत पुस्तक कुठून उघडतं हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं! क्लार्कने सुस्कारा टाकला आणि शिक्का मारला. मला तर वाटलं त्या शिक्क्याचा आवाज विठ्ठलवाडीपर्यंत गेला असणार.

पण खरी गोष्ट पुढेच. तोंडी परीक्षा.

मॅडम महिनाभर "शिक्षण म्हणजे काय" पाठ करत होत्या. मीच म्हणून घ्यायचे, मला तर न बघता येतं. दुहेरी, तिहेरी, सगळं. परीक्षेच्या दिवशी मी क्लासात बसून चुका करत होते, आणि दुपारी मॅडम आल्या त्या धापा टाकतच. पाणीसुद्धा न पिता सांगायला लागल्या.

परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर गृहस्थ. बाजूला आमचे गाईड सर. परीक्षकांनी प्रबंध समोर ठेवला, नावाचा पुठ्ठा उघडला, कोरं पान उलटलं, आणि खाली मान घालून विचारलं, "ही चहाची गोष्ट खरी आहे?"

मॅडमना काही कळेना. शिक्षणाच्या कुठल्या व्याख्येत चहा आहे?

मग त्यांनी वाचून दाखवलं. परिशिष्टाचं शेवटचं पान, शेवटची मुलगी. "शाळेत बसून पाय दुखायचे. इथे बसून पण दुखतात. पण इथे चहा देतात."

"खरी आहे सर," मॅडम म्हणाल्या. "माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. मी बाजूला बसून धागे कापत होते तेव्हा बोलली. मला पण चहा दिला त्यांनी."

परीक्षकांनी आणखी एक पान उलटलं. मग आणखी एक. चहा आला, त्यांचा गार झाला. आमच्या गाईड सरांनीही आपली कॉपी उघडली, पहिल्यांदाच त्या बाजूने. सगळा वेळ प्रश्न त्या मुलींवरच. कुठली गल्ली, किती वाजता सोडतात, आई काय म्हणते, परत शाळेत आणता येईल का. मॅडमना सगळं येत होतं, पाठ न करता. शेवटी परीक्षक म्हणाले, "इतकी वर्षं प्रबंध तपासतोय. शेवटपर्यंत पोचलेला हा पहिलाच." त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं, ते शेवटूनच निघाले होते.

आणि आमचे गाईड सर? बाहेर आल्यावर मॅडमना म्हणाले, "मी म्हटलंच होतं, परिशिष्ट ही तुमची ताकद आहे."

बोर्ड लागला. रंग थोडा उडाला होता, पोरांनी परत मारला. नळावर विचारणाऱ्या बाईनेच हार घातला.

आता काय, कॅम्प तीनमध्ये कॉम्प्युटर आलाय. मध्ये पॅरा घातला तरी पानं आपोआप सरकतात, ४७-ज्ञ इतिहासजमा. लोकांना वाटतं आता प्रबंध वेळेवर होतील. परवाच वेळापत्रकवाले सर भेटले, कॉम्प्युटरवर वेळापत्रक रंगीत छापून मिळतं का विचारत होते. मी पण शिकतेय कॉम्प्युटर, पण त्याच्या की मऊ आहेत हो. हाणल्यासारखं वाटत नाही.

एक राहिलं. निकाल लागला त्या आठवड्यात मॅडम त्यांची पाचवी, पुसट कॉपी घेऊन हासाराम काकांकडे गेल्या, मी बरोबर. काका अजून तोंड लपवत होते. मॅडमनी कॉपी त्यांच्या पुढ्यात ठेवली. काकांनी ती उघडली, त्यांच्या सवयीने, उजव्या हाताकडून, एकदम सराईतपणे.

"मराठी नहीं आता मेरे को. क्या लिखा है सबसे पहले?"

मी पुसट अक्षरांवर डोळे ताणून वाचलं. पाय दुखण्याचं, चहाचं. त्यांना हिंदीत सांगितलं. मागच्या गल्लीत शिलाईच्या मशिनी चालूच होत्या.

काकांनी आणखी दोन-चार पानं उलटली. "और वो तुम्हारा, एज्युकेशन क्या है, फलाना-ढिमका? वो किधर है?"

"वो सबसे पीछे, काका."

काकांनी पुस्तक मिटलं, सोन्याच्या अक्षरांवरून एकदा हात फिरवला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"तो फिर उलटा किधर है, साईं?"